बत्ता थांबतो तेवढा वेळ

काढ्याचं भगुणं चुलीवरून उतरवून मी हकीमसाहेबांच्या गादीशेजारी ठेवलं आणि रोजच्यासारखं म्हणालो, "गरम आहे, साहेब." ते समोरच्या म्हातारीशी तिच्या सुनेबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी उजवा हात बाजूला टेकवला, तो नेमका भगुण्याला, आणि तिथंच राहू दिला. म्हातारी सांगत होती की सून ताक मागितलं तर पाणी देते आणि पाणी मागितलं तर ऐकूच येत नाही म्हणते. साहेब हसत होते. हात तांब्याच्या भगुण्याला टेकलेला. मी खलाजवळ येऊन बसलो, बत्ता उचलला, चार घाव घातले, तरी हात तिथंच. मग माशी उडवावी तसा त्यांनी तो उचलला आणि त्याच हातानं म्हातारीचं मनगट धरलं. पहिल्या तीन बोटांची टोकं पांढरी पडली होती, भाजलेल्या कातडीसारखी. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मी बत्ता थांबवला, कारण अकरा वर्षांत हात आपोआप थांबायला शिकला आहे,

आणि पुन्हा चालू केला, कारण मनगट सुटलं होतं. म्हातारी उठली, पुड्या घेऊन पायऱ्या उतरली. दुसरा माणूस आत आला. मी ज्येष्ठमध कुटत होतो. ज्येष्ठमध लवकर कुटला जात नाही, धाग्याधाग्यानं सुटतो, त्यामुळे विचार करायला बरं पडतं. जालन्यात कुंडलिका नदीच्या कादराबादच्या अंगाला साहेबांचा हा मतब. हकिमाच्या दवाखान्याला इकडे मतब म्हणतात. एक खोली, पुढं ओसरी, ओसरीवर वाट पाहणारी माणसं, आणि कोपऱ्यात मी, औषधं कुटणारा. साहेब शिकले हैदराबादला, पण बोलतात आमच्यासारखंच, मधेमधे त्यांचं दखनी मिसळून. मी टेंभुर्णीहून आलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "राधाकिसन, कुटायला कुणीही मिळतं. थांबणारा मिळत नाही." त्यांची बोटं मनगटावर गेली की माझा बत्ता थांबायचा. मला खाली मान घालूनही ते कळायचं. आणि बत्ता थांबला की ओसरीवरची माणसंही गप्प व्हायची, लहान पोरगं रडत असलं तर त्याची आई त्याला छातीशी धरायची. सगळ्यांना ठाऊक होतं, आत आता नब्ज, म्हणजे नाडी, बोलत आहे. मला तर असं वाटायचं की ती मलाही ऐकू येते. अकरा वर्षं वाटत होतं. तीन बोटांना तापलेलं तांबं कळलं नाही, त्यांना मनगटातली ती बारीक

ठिणगी कशी कळत असेल. दुसऱ्या माणसाचंही मनगट सुटलं. मी ज्येष्ठमध कुटत राहिलो. मला सगळ्यात आधी नंदाबाईचं मनगट आठवलं. माझ्या बायकोचं. गेल्या मार्गशीर्षात मी तिला इथं घेऊन आलो होतो, तिच्या पुडीवरची तारीख माझ्याच अक्षरात आहे, बहमन १३४६ फसली, निजामाच्या सरकारी सालाप्रमाणे. तेव्हाही ही बोटं अशीच होती का?

नंदाच्या पोटात गोळा उठायचा. दुपारी, घरात कोणी नसताना. बेंबीच्या वर उठायचा आणि गळ्यापर्यंत यायचा, मग तिला ना गिळता यायचं ना बोलता. रात्री डोळे उघडे. भाकरी अर्धी. मला कारण सापडत नव्हतं, कारण मी तिच्यासाठी सगळं सोपं करून ठेवलं होतं. टेंभुर्णीच्या घरात ती पहाटे साळूबाईसोबत, तिच्या जावेसोबत, दळायला बसायची. बारा माणसांचं दळण. इथं आम्ही दोघंच, आणि त्या साली स्टेशनाच्या अंगाला इंजिनची गिरणी आली होती. मी म्हणालो, आता तू दळायचं नाहीस. घरात कुटणारा एक आहे तेवढा पुरे. दर आठवड्याला ज्वारीचा डबा खांद्यावर घेऊन मीच गिरणीवर जायचो आणि गरम पीठ घेऊन यायचो. गावाहून गाडीत घालून आणलेलं जातं मी दाराआड ठेवलं, वर गोणपाट टाकलं. मला त्या गोणपाटाचा अभिमान होता. गल्लीत कुणाच्या बायकोला एवढं सुख नव्हतं. आणि सुखात ती वाळत चालली होती, हे मी बघत होतो, आणि ज्येष्ठमधाचा एक धागा बत्त्याला चिकटला तो मी नखानं

सोडवला. त्या दिवशी साहेबांनी तिचा डावा हात मागितला, बायकांचा डावाच बघतात, तिनं पदराआडून पुढं केला. मी माझ्या बायकोसाठी बत्ता थांबवला. किती वेळ गेला मला माहीत नाही. तेवढा वेळ ते कधी कुणाला देत नसत. डोळे मिटून त्यांनी विचारलं, "दुपारी तुमच्याशी कोण बोलतं, बाई?" नंदानं पदर पुढं ओढला. मग म्हणाले, "तुमच्या घरात जातं बंद आहे." नाडीत जातं दिसतं, हे मी त्या दिवसापासून साऱ्या गल्लीला सांगत आलो. दवा म्हणून त्यांनी मला तीन पुड्या बांधायला सांगितल्या, बडीशेप, ओवा, गुलकंदात कालवायचं आणखी काही, आणि नंदाला म्हणाले, "असली दवा वेगळी आहे. जातं काढा. पण एकटीनं नाही दळायचं. समोर दुसरी पाहिजे, खुंट्याला दोन हात पाहिजेत." घरी आल्यावर तिनं गोणपाट काढलं. समोर बसायला शेजारची आसराबाई आली. आसराबाईच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आता नवरा घोंगड्या विकतो आणि ती दारात बसून लोकर कातते. पहिल्या पहाटे दोघी नुसत्या दळत होत्या. आठव्या दिवशी आसराबाईनं काहीतरी म्हटलं, गाण्यासारखं, आणि नंदाचा आवाज त्याच्यात मिसळला. मी अंथरुणात पडून होतो. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता हे मला तेव्हा समजलं. गोळा हळूहळू बसला. आता श्रावण चालू आहे, ती दीड भाकरी खाते आणि मला टोमणे मारते. आणि हे सगळं तीन बोटांच्या भरवशावर, ज्यांना

दुपारी ओसरी रिकामी झाल्यावर मी कोरफडीचा गर आणि साजूक तूप घेऊन त्यांच्यासमोर बसलो. बोटांवर आता फोड आले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. ते माझ्याकडे बघत राहिले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या संक्रांतीला बरस झालं, आता दीड." ते म्हणाले. "शक्कर आहे मला, राधाकिसन, साखरेची बीमारी. मुंग्यांनी सांगितलं, मोरीत लघवीवर जमलेल्या मुंग्यांनी. पहिले पाय गेले. मग ही बोटं. रुई हातात धरली की लोखंड धरलं, सब एकच."

"म्हणजे आमच्या नंदाच्या वेळेला..."

"काहीच कळलं नव्हतं. बिलकुल नाही."

मी बोटांना गर लावत राहिलो. त्यांना ते कळत नव्हतं म्हणून मला जपून लावायची गरज नव्हती, तरी मी जपूनच लावत होतो.

"मग जातं कसं दिसलं?"

"तळहातावर. घट्ट्यांच्या जागा होत्या, घट्टे नव्हते. तळवा नरम पडून चालला होता. दळणाऱ्या बाईनं दळणं सोडलं, एवढं तर दिसतं. आणि तू दर हप्त्याला मला सांगून राह्यलास की गिरणीवर जातो, पीठ आणतो." ते थोडं हसले. "डोळे आहेत माझे अजून. कान आहेत. जीभ बघतो, नखं बघतो. विचारतो काय खाल्लं, झोप कशी, कुणाशी भांडण आहे, हसला कधी होता. ज्याचं समजत नाही त्याला मिशनच्या दवाखान्यात पाठवतो. दीड बरसात तेवीस लोकांना पाठवलं. चुकीची पुडी कुणाला दिली नाही."

"पण मनगट धरता."

"धरतो."

"डोळे मिटता."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "मनगट धरल्याशिवाय विचारलं तर लोक खरं सांगत नाहीत, भाई. नवऱ्यासमोर बाई म्हणते, बरी आहे. बापासमोर लेक म्हणतो, बरा आहे. हात धरून गप्प बसलं की सांगतात. का सांगतात मला माहीत नाही. पण हे झूठ आहे, हे मला माहीत आहे."

बाहेर टांग्याची घंटा वाजली. मी पट्टी बांधली होती ती बोटं त्यांनी वर धरून बघितली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

"एक काम कर. घरी जा. तुझ्या बायकोला सांगायचं तर सांग, गल्लीला सांगायचं तर सांग. उद्या मी मनगट धरीन. तू बत्ता थांबवलास तर मी बसीन. नाही थांबवलास तर समजून जाईन, दुपारी फळ्या लावून भावाकडे औरंगाबादला जाईन. तुला विचारणार नाही. तूही सांगू नकोस. बत्ता सांगील."

नदीच्या पुलावर मी बराच वेळ थांबलो. खाली गढूळ पाणी होतं, कडेला धोबी आपापसात कुजबुजल्यासारखं बोलत होते आणि मधेच दगडावर कापड आपटत होते. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होतो, जसा खिशात विडीचा कट्टा शोधतो. साहेबांवर नाही आला. गिरणीवर आला थोडा. मग स्वतःवर, कारण डबा खांद्यावर घेऊन मी माझ्या बायकोचा आजार दर आठवड्याला घरी आणत होतो आणि गल्लीत मान वर करून चालत होतो. तिच्या तळहाताकडे मी बघितलं नव्हतं. आठ वर्षं एका चुलीवर, एका अंथरुणात, आणि तो हात जेवण वाढताना रोज माझ्या ताटावर येत होता. एका आंधळ्या बोटांच्या माणसानं तो एकदा उलटा केला आणि त्याला दिसलं. मग वाटलं, आता हे नंदाला सांगितलं तर? ती इतकी बरी झाली ती त्या नाडीवर विश्वास ठेवून. नाडीत जातं दिसलं म्हणून तिनं गोणपाट काढलं. आता तिला कळलं की तिथं काहीच दिसलं नव्हतं, नुसती दोन डोळ्यांची अटकळ होती, तर गोळा परत उठेल. पुन्हा अर्धी भाकरी. आणि नाही सांगितलं तर उद्यापासून मी तिच्याशी खोटं बोलत जेवणार, साहेबांसारखाच, फक्त माझ्या हातात औषध नसणार. धोब्यानं कापड पिळलं, पाणी निथळलं, आणि मला अगदी साधी भीती वाटली, ती आवाजाची होती. पहाटेचा तो दोघींचा आवाज बंद होईल याची.

घरी आलो तेव्हा आसराबाई उंबऱ्यावर बसून चाती फिरवत होती. लोकरीचा धागा तिच्या मांडीपासून हवेत वर गेला होता. आत नंदा भाकऱ्या थापत होती.

"आले का तुझे मोठे हकीम," आसराबाई आत बघून म्हणाली. "तोंड बघ गं यांचं नंदे, सुंठ खाल्ल्यावानी झालंय."

"अवो, काय झालं?" नंदा म्हणाली.

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणणाऱ्याला तुमचे साहेब काय म्हणतेत? हात द्या."

"कामाचं बोल जरा."

"द्या की."

तिनं परातीवरचे हात पदराला पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझं मनगट धरलं. आसराबाईनं चाती थांबवली, मुद्दाम, मोठ्या गंभीरपणे, आणि ओठांवर बोट ठेवलं. नंदानं डोळे मिटले. तिची तीन बोटं माझ्या सदऱ्याच्या बाहीवर, कापडावरच होती. मी म्हणालो, "अगं, कापडावर न्हाई धरत. आत धरतेत."

"माझी तर साहेब गोठावरच धरतेत," ती डोळे मिटूनच म्हणाली.

तिच्या डाव्या हातात चांदीचा गोठ आहे, जाड, तिच्या आजीचा, राजूरचा. मनगटावर घट्ट बसतो.

मी हळूच विचारलं, "कशावर?"

"गोठावर. पयल्या दिवसापून. मला वाटलं, असंच शास्त्र असंल, चांदीतून समजत असंल. दुसऱ्या खेपेला मी गोठ जरा वर केला तरी बोटं वर गोठावरच टेकली. मंग समजलं मला, त्यांच्या बोटाला कळून न्हाई राह्यलं."

आसराबाई म्हणाली, "मला बी सांगितलं व्हतं हिनं. मी म्हणलं, गप ऱ्हा."

मी दोघींकडे बघत राहिलो. भाकरी तव्यावर करपत होती, वास येत होता, कोणी उठलं नाही. "मंग मला का न्हाई सांगितलं?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"सांगून काय करावं?" नंदा म्हणाली. "त्यांनी हात सोडला असता ना मंग." तिनं डोळे उघडले. माझं मनगट मात्र सोडलं नाही. "तुमी बत्ता थांबवायचे. सगळी ओसरी गप व्हायची. एवढी माणसं गप, माझ्या एकटीसाठी. आमच्या घरात मी वारले असते तर इतकी शांतता झाली असती, जित्तेपणी कुणी केली? ती मला आवडायची. त्याच्यासाठी मी दोनदा जास्तीची गेल्ते तिथं, पोट दुखत नसताना."

"आन् पुड्या?"

"घेतल्या की. तुमी कुटलेल्या व्हत्या."

आसराबाईनं चाती पुन्हा सोडली, ती भिंगरीसारखी फिरू लागली. "भाकर जळाली, बाई," ती म्हणाली, "आता यांची नाडी उद्या बघ."

नंदा उठली. करपलेली बाजू तिनं नखानं खरवडली आणि ती भाकरी स्वतःच्या ताटात ठेवली. मी ती तिच्या ताटातून उचलून माझ्या ताटात घेतली. मग तिनं ताट आणलं आणि माझ्याबरोबरच जेवायला बसली. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. मी साहेबांबद्दल काहीच सांगितलं नाही. सांगायला उरलं काय होतं? भूक लागली होती. मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. पहाटे जात्याचा आवाज आला, आधी नुसता दगडाचा, मग दोघींचा, आणि मी अंथरुणातून उठून दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही. तिचा तळहात खुंट्याभोवती होता, आसराबाईचा त्याच्यावर. पीठ चहूकडून गळत होतं, थंड, पांढरं. नंदानं मला बघितलं आणि गाण्यात मधेच माझ्याकडे बघून असं काही जोडलं की आसराबाई हसून दळायची थांबली. काय जोडलं ते मला ऐकू आलं नाही, आणि विचारलं तरी त्या सांगणार नव्हत्या.

सकाळी साहेब गादीवर बसले होते. पट्टी त्यांनी काढून टाकली होती, फोड तसेच होते. माझ्याकडे बघितलं नाही. मी कालचा ज्येष्ठमध पुन्हा खलात घातला आणि कुटायला लागलो, नेहमीपेक्षा जोरात, म्हणजे थांबलं तर ऐकू येईल. पहिली बाई आत आली, गोजरबाई, राजूरकडची, पन्नाशीची, सोबत तिचा लेक उभा. तोच बोलत होता. आईला भूक न्हाई, झोप न्हाई, काय विचारलं तर बरी आहे म्हणते, जल्दी काही दवा द्या, गाडी परत न्यायची आहे. बाई भिंतीकडे बघत होती. तिनं डावा हात पुढं केला. तिच्या हातातही गोठ होता. साहेबांची तीन बोटं वर आली. बोटं मनगटाकडे गेली आणि चांदीवर जाऊन थांबली. बाईनं ते बघितलं. लेकानंही बघितलं असतं, पण तो बाहेर गाडीकडे बघत होता. बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, की हे असं का. बत्ता माझ्या हातात वर उचललेला होता. खाली आणायला एवढासाच वेळ होता. बाहेर ओसरीवर कोणीतरी खोकत होतं, पलीकडून गिरणीचं इंजिन पुक् पुक् करत होतं, साहेबांचे डोळे मिटलेले होते आणि पापण्या हलत होत्या. ते वाट बघत होते, नाडीची नाही. मी बत्ता खलाच्या काठाला टेकवला. आवाज न होऊ देता. ओसरी गप्प झाली, खोकणाराही गप्प झाला. गोजरबाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचा गोठ वर सरकवला, कोपराकडे, आणि साहेबांची बोटं उचलून आपल्या उघड्या मनगटावर ठेवली, एखाद्या लहान मुलाचा हात धरून ठेवावा तशी. साहेबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं. "घरात तुमच्यासोबत कोण जेवतं, बाई?" त्यांनी विचारलं. लेकानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, मी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प बसला. बाईनं लेकाकडे एकदा बघितलं. मग बोलायला लागली, अगदी हळू, कोणे एके काळचं काहीतरी, आणि मनगट अजून सुटलेलं नव्हतं, आणि मी बत्ता तसाच धरून बसलो,